रोमन फोरमचं तिकीट: कुठून आत शिरावं, काय वाचावं

रोममध्ये एकाच तिकिटाला वेळ असेल आणि रोमन लोक राज्य कसं चालवत होते हे समजून घ्यायची इच्छा असेल, तर कलोसियम सोडून रोमन फोरम आणि पॅलेटाइन टेकडीचं तिकीट काढावं. कलोसियम भव्य आहे यात वाद नाही, पण ते इ. स. ८० मध्ये उघडलेलं करमणुकीचं ठिकाण. तोवर सत्ता सम्राटांच्या हाती जाऊन शंभरावर वर्षं झाली होती. त्याआधीची सुमारे पाचशे वर्षं कायदे, खटले, भाषणं, खजिना आणि सिनेट हे सगळं फोरमच्या एका चौकात मावत होतं. पुढे ती सत्ता शेजारच्या टेकडीवर गेली. तो चढ त्याच तिकिटात आपल्या पायांनी चढता येतो. जागेला पाचपैकी पाच गुण, व्यवस्थेला साडेतीन. मराठी सहलींमध्ये हा भाग बहुधा बसच्या खिडकीतून किंवा वरच्या रस्त्यावरून ‘ती पडकी देवळं’ म्हणून उरकला जातो, आणि त्याची हळहळ वाटते.

आधी तिकिटाचं. नेहमीचं चोवीस तासांचं तिकीट कलोसियम, फोरम आणि पॅलेटाइन मिळून असतं. कलोसियममध्ये ठरलेल्या वेळेलाच प्रवेश मिळतो, आणि हंगामात याच वेळा सगळ्यांत आधी संपतात. कलोसियम नको असेल तर ‘फोरम पास सुपर’ नावाचं वेगळं तिकीट आहे. त्यात फोरम, पॅलेटाइन, शेजारचे सम्राटांचे चौक आणि काही बंदिस्त जागा येतात. दोन्हींची किंमत १८ युरोंच्या आसपास असते, पण ती बदलते, म्हणून काढताना अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्यावी. राज्यव्यवस्थेत रस असलेल्या माणसासाठी दुसरं तिकीट सरस आहे. सिनेटच्या इमारतीत, म्हणजे क्युरियात, शिरायचं तर याच प्रकारचं तिकीट लागतं, आणि घड्याळाचा धाक राहत नाही.

चुका होतात त्या ठरावीक. २०२३ च्या ऑक्टोबरपासून कलोसियमच्या तिकिटावर नाव छापलं जातं आणि दारावर ओळखपत्राशी ताडून पाहिलं जातं. आपल्याकडे पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं, आणि तिकीट काढताना नुसतं पहिलं नाव टाकलं जातं. पासपोर्टवर जसं आहे तसंच भरावं. अठरा वर्षांखालच्या मुलांना, मग ती कुठल्याही देशाची असोत, प्रवेश फुकट आहे, पण त्यांच्या नावाचंही शून्य युरोचं तिकीट आधी काढावं लागतं. ते विसरलं की दारात खोळंबा. फोरम आणि पॅलेटाइन मिळून एकच आवार आहे आणि त्यात एकदाच शिरता येतं, त्यामुळे ‘जेवून परत येऊ’ म्हणून बाहेर पडलात तर तिकीट संपलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो. त्या दिवशी शिलालेखासमोर पाच मिनिटं शांत उभं राहणं अवघड, म्हणून अभ्यासूंनी तो दिवस टाळावा. बंद होण्याची वेळ सूर्यास्ताप्रमाणे बदलते. हिवाळ्यात दुपारी साडेचारला दारं मिटतात आणि शेवटचा प्रवेश त्याच्या तासभर आधी.

आता सगळ्यांत महत्त्वाचं: दार. कलोसियमकडून येणारे लोक टायटसच्या कमानीजवळच्या दाराने शिरतात आणि उतारावरून खाली येतात. म्हणजे इतिहास उलटा वाचतात, सम्राट आधी आणि प्रजासत्ताक नंतर. त्याऐवजी फोरी इम्पेरियाली रस्त्यावरच्या लार्गो देल्ला सालारा वेक्किया या दाराने खाली उतरावं. स्वच्छतागृहं आत फार थोडी आहेत, तेव्हा ते काम सुरुवातीलाच उरकून घ्यावं. पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, बाटली भरून घेता येते. सावली जवळजवळ नाही, आणि वाटेवरचे काळे बसाल्टचे दगड गुळगुळीत व उंचसखल आहेत. चपला किंवा टाचेचे बूट घालून इथे आलेल्या माणसाचं अर्धं लक्ष पायांतच राहतं. एकूण चार तास धरावेत, अडीच खाली आणि दीड वर.

उतरल्यावर उजवीकडे वळा. एका अंगाला बॅसिलिका एमिलिया या खटल्यांच्या आणि व्यवहारांच्या दालनाचं लांबलचक जोतं दिसतं, इ. स. पू. १७९ मध्ये सुरू झालेली ही इमारत. तिच्या संगमरवरी फरशीवर नाण्यांचे हिरवे डाग आहेत. आगीत वितळलेली नाणी दगडात रुतून बसली, आणि ही आग इ. स. ४१० च्या लुटीशी जोडली जाते. ते डाग पाहून पुढे चला, कारण समोरची विटांची उंच, साधी, खोक्यासारखी इमारत जास्त वेळ मागते.

ती क्युरिया ज्युलिया. सीझरने सुरू केलेली, ऑगस्टसने इ. स. पू. २९ मध्ये उघडलेली, आणि इ. स. २८३ च्या आगीनंतर सम्राट डायोक्लेशियनने पुन्हा उभारलेली. सातव्या शतकात तिचं चर्च झालं म्हणून ती वाचली. विसाव्या शतकात चर्चचा साज काढून मूळ सांगाडा मोकळा केला. आत सुमारे २५ मीटर लांबी, १८ मीटर रुंदी, २१ मीटर उंची. व्हिट्रूव्हियस या रोमन वास्तुकाराने सभागृहासाठी नियम दिला आहे: लांबी आणि रुंदी यांची बेरीज करा, तिच्या निम्मी उंची ठेवा. २५ अधिक १८ म्हणजे ४३, त्याचं निम्मं साडेएकवीस. हिशेब जवळजवळ तंतोतंत जुळतो. भिंतीच्या मध्यावर कंगोरा काढावा, म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज वर छतात विरून जात नाही, असंही त्याने सांगितलं आहे. ध्वनिवर्धक नसलेल्या संसदेत मोजमाप हेच ध्वनिवर्धक होतं.

आतल्या दोन्ही बाजूंच्या रुंद, बुटक्या तीन-तीन पायऱ्या नीट पाहा. त्यांच्यावर खुर्च्या ठेवून सुमारे तीनशे जण बसू शकत. सीझरच्या काळी सिनेटर नऊशेवर गेले होते, ऑगस्टसने ते सहाशेवर आणले, तरीही सगळे आले तर जागा पुरत नसे. पण पायऱ्या समोरासमोर का आहेत, अर्धवर्तुळात का नाहीत? कारण मतदान पायांनी होत असे. ठरावाच्या बाजूचे एका अंगाला आणि विरोधातले दुसऱ्या अंगाला चालत जात, आणि अध्यक्षस्थानी बसलेला कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, कोणत्या बाजूला जास्त माणसं आहेत ते पाहून निर्णय सांगत असे. बोलण्याचा क्रम हुद्द्याने ठरलेला: आधी कॉन्सल होऊन गेलेले, मग प्रेटर, म्हणजे त्यांच्या खालोखालचे न्यायाधिकारी, होऊन गेलेले, आणि असं खाली खाली. खालच्या रांगेतल्यांची पाळी बहुधा यायचीच नाही. त्यांच्याकडे फक्त पाय उरत, आणि लॅटिनमध्ये त्यांना ‘पायवाले’ अशा अर्थाचंच नाव होतं. सभा देवकार्याने पवित्र केलेल्या जागेतच भरवता येई, आणि सूर्योदयाआधी किंवा सूर्यास्तानंतर झालेला ठराव वैध नसे. त्यामुळे ठराव पाडायचा असेल तर अंधार पडेपर्यंत बोलत राहणं हे कायदेशीर हत्यार होतं, आणि सीझरचा विरोधक सिनेटर धाकट्या केटोने ते वापरलंही.

दारं उघडी ठेवली जात. सुरुवातीच्या काळात ट्रिब्यूननाही, म्हणजे सामान्य जनतेच्या बाजूने निवडलेल्या अधिकाऱ्यांनाही, आत प्रवेश नव्हता. ते दाराशी बाक टाकून बसत, ठराव तपासत आणि नको असेल तर नकाराधिकार वापरत. आज दिसणारे काशाचे दरवाजे नक्कल आहेत. अस्सल जोडी सतराव्या शतकात लॅटरनच्या बॅसिलिकेला बसवली, तिथे फुकट पाहता येते. क्युरियात ठेवलेले दोन मोठे कोरीव कठडे चुकवू नका. एकावर सम्राटासमोर थकबाकीच्या वह्या आणून जाळण्याचा प्रसंग कोरला आहे. मागे फोरमच्या इमारती ओळीने दिसतात, म्हणजे हे दगड पाहिले की बाहेरच्या अवशेषांचं मूळ रूप डोळ्यांसमोर उभं राहतं. खंत एवढीच की क्युरिया रोज उघडी नसते. कधी वार ठरलेले असतात, कधी प्रदर्शन, कधी दुरुस्ती. तिकीट काढण्याआधी त्या दिवशीच्या उघड्या जागांची यादी पाहावी. व्यवस्थेचे गुण कापले त्यातला मोठा वाटा याचा.

इथेच एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. सीझरचा खून या इमारतीत झाला नाही. तेव्हा ती पुरी झालेलीच नव्हती, आणि तिच्या आधीची सिनेटची इमारत इ. स. पू. ५२ मध्ये क्लोडियस या दांडग्या पुढाऱ्याच्या अंत्यविधीच्या दंगलीत जळाली होती. इ. स. पू. ४४ च्या १५ मार्चची सभा पॉम्पेच्या सभागृहात भरली होती, ती जागा आजच्या लार्गो अर्जेंतीना चौकात आहे. २०२३ पासून तिथे खाली उतरून चालायची वाट झाली आहे, तिकीट वेगळं आणि स्वस्त.

क्युरियाच्या समोरचा छोटा मोकळा तुकडा म्हणजे कोमिशियम, लोकांच्या सभेचं जुनं अंगण. यावर कुणी थांबत नाही, कारण पाहण्यासारखं काही उभं नाही. पण इथे काळ्या दगडाची फरसबंदी आहे, ‘काळा दगड’ याच नावाने ती ओळखली जाते. १८९९ मध्ये पुरातत्त्वज्ञ जाकोमो बोनी यांना तिच्याखाली इ. स. पू. सहाव्या शतकातला लेख सापडला. त्याच्या तुटक ओळींत ‘राजाला’ या अर्थाचा शब्द आहे. राजाचं नावही नको म्हणून ज्या लोकांनी पाचशे वर्षं दोन-दोन कॉन्सल वर्षभरापुरते नेमले, त्यांच्या सभेच्या अंगणाखाली राजाचा उल्लेख पुरलेला होता.

तिथून डावीकडे वळलं की भाषणाचा चौथरा, रोस्त्रा. इ. स. पू. ३३८ मध्ये अँटियमच्या आरमाराची जहाजं पकडली, त्यांच्या नाळेवरच्या धातूच्या चोची आणून जुन्या चौथऱ्यावर ठोकल्या, त्यावरून हे नाव. आज दिसतो तो सीझरने हलवलेला आणि ऑगस्टसने वाढवलेला चौथरा, दर्शनी बाजूने सुमारे २४ मीटर. याच्यासमोर उभं राहून रोमन लोकशाहीची खरी मापं समजून घ्यावीत, कारण फलकांवर ती लिहिलेली नाहीत.

सभा दोन प्रकारच्या. पहिली नुसती ऐकण्याची. ती अधिकारी बोलावणार, कोण बोलणार तेही तोच ठरवणार, श्रोत्याने ओरडावं किंवा गप्प राहावं. दुसरी मतदानाची. कायद्याचा मसुदा आधी जाहीर करून तीन आठवडी बाजार जाऊ द्यायचे, मग लोक आपापल्या टोळीत, म्हणजे ठरवून दिलेल्या मतदार विभागात, उभे राहत. टोळ्या ३५, प्रत्येकीला एक मत, १८ झाली की निकाल. कागदावर हे चोख दिसतं. खोट कुठे होती? पस्तीसपैकी चारच टोळ्या शहरी होत्या आणि एकतीस ग्रामीण. रोम शहरातली गरीब वस्ती बहुतांशी त्या चारांत कोंबलेली. खेड्यातल्या मतदाराला मात्र स्वतः रोमला यावं लागे, टपाली मत नव्हतंच. शेत टाकून येणं ज्याला परवडतं तोच येणार, म्हणजे ग्रामीण टोळीचं मत प्रत्यक्षात तिथल्या सधन माणसाचं मत.

कॉन्सलची निवडणूक याहून झुकलेली. ती शहराच्या हद्दीबाहेर मार्सच्या मैदानावर होई, कारण ती सभा मुळात सैन्याची. एकूण १९३ शतकं, म्हणजे गट, आणि बहुमत ९७ चं. घोडेस्वारांची १८, पहिल्या आर्थिक वर्गाची ७० आणि सुतारांचं एक, असे ८९ गट आधी मत देत. त्यांचं एकमत झालं तर दुसऱ्या वर्गातले आठ मिळवले की काम झालं. ज्यांच्याकडे मालमत्ताच नाही अशा साऱ्या नागरिकांना मिळून एकच गट, आणि त्याची पाळी येण्याआधी सहसा निकाल लागलेला असे.

गुप्त मतदान इ. स. पू. १३९ मध्ये आलं, आधी निवडणुकीला आणि मग टप्प्याटप्प्याने खटल्यांना व कायद्यांना. मेणाच्या पाटीवर कायद्याच्या बाजूने व्ही, विरोधात ए. मतदार फळीवरून चालत जाऊन पाटी टोपलीत टाकत असे. पण फळी रुंद असली की उमेदवाराची माणसं शेजारी उभी राहून पाटीत डोकावत. इ. स. पू. ११९ मध्ये मेरियस ट्रिब्यून असताना त्याने कायदाच केला, फळ्या अरुंद करा. सिनेटमधल्या बड्यांनी त्याला कडाडून विरोध केला. इतक्या बारीक दुरुस्तीला इतका विरोध होतो, यावरून दुखणं नेमकं कुठे होतं ते कळतं.

आणखी एक खूण इथेच. वक्ते पूर्वी क्युरियाकडे, म्हणजे सिनेटकडे तोंड करून बोलत. इ. स. पू. १४५ मध्ये लिसिनियस क्रॅसस या ट्रिब्यूनने पाठ फिरवली आणि चौकातल्या गर्दीकडे पाहून बोलला. चौथऱ्याजवळ उभं राहून आधी क्युरियाकडे आणि मग चौकाकडे वळून पाहा, केवढा फरक पडतो ते लगेच कळेल. इ. स. पू. ४३ मध्ये याच चौथऱ्यावर सिसेरो या थोर वक्त्याचं छाटलेलं डोकं आणि हात टांगले गेले.

चौथऱ्याला लागून सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची कमान, इ. स. २०३ ची, सुमारे २१ मीटर उंच. लोक तिचा फोटो घेतात आणि पुढे जातात. थांबा, आणि माथ्यावरच्या लेखाची चौथी ओळ पाहा. अक्षरं मुळात धातूची होती, ती दगडात खाचा करून खिळ्यांनी बसवलेली. चौथ्या ओळीत खिळ्यांची भोकं अक्षरांशी जुळत नाहीत, आणि दगडाचा पृष्ठभाग किंचित खोल गेलेला आहे. तिथे सेव्हेरसचा धाकटा मुलगा गेटा याचं नाव होतं. इ. स. २११ मध्ये काराकालाने भावाला मारलं, साम्राज्यभर त्याचं नाव पुसायला लावलं, आणि रिकाम्या ओळीत ‘उत्तम आणि शूर राज्यकर्त्यांना’ अशी भर घातली. सकाळचं किंवा उतरतीचं तिरकं ऊन असेल तर भोकं स्पष्ट दिसतात. दुपारी बाराला काही दिसणार नाही. छोटी दुर्बीण किंवा मोबाइलचं झूम लागतंच. याच लेखाच्या शेवटी चार अक्षरं आहेत, एस. पी. क्यू. आर., ‘सिनेट आणि रोमन जनता’. ती लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटतील.

मागच्या चढावर आठ खांब उभे आहेत ते सॅटर्नच्या देवळाचे. हे देऊळ म्हणजे राज्याचा खजिना. पैशाइतकंच इथे कागदपत्रांना महत्त्व होतं. सिनेटचा ठराव इथे जमा झाल्यावरच त्याला पुरतं बळ येई. खजिना सांभाळायला क्वेस्टर, राजकीय शिडीची पहिली पायरी. हुकूमशहा सुलाने त्यांची संख्या वीस केली आणि किमान वय तीस ठरवलं. म्हणजे तिशीतला, दरवर्षी बदलणारा तरुण अधिकारी आणि वर्षानुवर्षं तिथेच बसलेले कारकून. सत्ता कुणाची चालत असेल हे आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत काम पडलेल्या माणसाला सांगायला नको. इ. स. पू. ४९ मध्ये ट्रिब्यून मेटेलस आडवा आला तरी सीझरने हा खजिना फोडला. खांबांवरची ओळ चौथ्या शतकातली आहे: आगीत जळालेलं हे देऊळ ‘सिनेट आणि रोमन जनता’ यांनी पुन्हा बांधलं. तोपर्यंत जनतेचं मतदान कधीच संपलं होतं.

या खजिन्याशी आपला धागा आहे. थोरला प्लिनी या रोमन लेखकाने तक्रार केली आहे की भारत दरवर्षी साम्राज्यातून किमान पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती याच व्यापाराची साक्षीदार, ती कोल्हापूरच्या संग्रहालयात आहे. आणि फोरमच्या पूर्वेला, मॅक्सेंटियसच्या प्रचंड कमानींखाली, सम्राट डोमिशियनने बांधलेली मिरीची वखार होती. मलबारची मिरी रोमच्या मुख्य रस्त्याला लागून साठवली जात होती. याचा ठळक फलक तिथे असायला हवा.

दक्षिणेची बॅसिलिका ज्युलिया लवकर उरकते. जोतं आणि पायऱ्या उरल्या आहेत, पण पायऱ्यांवर कोरलेले खेळाचे पट शोधा. आत वारसाहक्काचे मोठे दिवाणी खटले चालत. त्याच्याच भाच्याच्या, वकील असलेल्या धाकट्या प्लिनीच्या काळी एकाच खटल्याला चारही मंडळं मिळून १८० पंच बसल्याची नोंद आहे. समोरच्या फरसबंदीत सर्डिनस या प्रेटरचं नाव मोठ्या अक्षरांत आहे, फरशी घातल्याची खूण. चौकातला एकटा उंच खांब फोकास या सम्राटाचा, इ. स. ६०८, फोरममधलं शेवटचं स्मारक. पुढे कॅस्टरच्या देवळाचे तीन देखणे खांब. त्याचं उंच जोतं भाषणाला वापरत आणि तिथे सिनेटही भरे. इ. स. पू. ५८ मध्ये क्लोडियसने त्याच्या पायऱ्या उखडून टाकल्या, म्हणजे देवळाचा किल्ला झाला आणि विरोधकांना वर चढता येईना.

चौकाच्या पूर्व टोकाला पत्र्याच्या छपराखाली मातीचा ओबडधोबड ढीग आहे, त्यावर लोक फुलं ठेवतात. सीझरला इथे जाळलं. इ. स. पू. २९ मध्ये ऑक्टेव्हियनने, म्हणजे पुढच्या ऑगस्टसने, तिथलं देऊळ देव झालेल्या दत्तक वडिलांना अर्पण केलं, आणि पुढ्यात दुसरा भाषणाचा चौथरा उभारून त्यावर ॲक्टियमच्या लढाईतल्या जहाजांच्या चोची लावल्या. आता मागे वळून पाहा. शंभर-सव्वाशे मीटरवर जुना चौथरा समोरासमोर दिसतो. इ. स. १४ मध्ये ऑगस्टस गेला तेव्हा त्याचा वारस टायबेरियस या नव्या चौथऱ्यावरून बोलला आणि टायबेरियसचा मुलगा ड्रूसस जुन्यावरून. दोन्ही टोकांना एकाच घरची माणसं. प्रजासत्ताक कसं संपलं हे समजावायला या अंतराइतकं चांगलं साधन दुसरीकडे मिळणार नाही.

व्हेस्टा देवीच्या पुजारी कुमारिकांचं घर शेजारीच. त्या सहा, सेवा तीस वर्षांची. त्यांच्याकडे बडी माणसं मृत्युपत्रं ठेवत, कारण तिथे हात घालायची कुणाची छाती नव्हती. इ. स. पू. ३२ मध्ये ऑक्टेव्हियनने आपला प्रतिस्पर्धी मार्क अँटनी याचं मृत्युपत्र तिथून उचलून सिनेटमध्ये वाचलं, आणि युद्धासाठी लोकमत तयार झालं.

वर चढताना टायटसची कमान लागते. कलोसियमच्या बाजूचा लेख मूळ आणि सुवाच्य आहे, आणि त्याची सुरुवातच पुन्हा ‘सिनेट आणि रोमन जनता’. देव झालेल्या टायटसला अर्पण. इथून उजवीकडे पॅलेटाइनचा चढ, पाय दुखणाऱ्यांनी आधी बसून घ्यावं.

टेकडीवर नकाशाशिवाय नक्की भरकटायला होतं. विटांच्या भिंती सगळीकडे सारख्याच, फलक इटालियन आणि इंग्रजीत, तेही विरळ, आणि खोलीची मूळ उंची कुठेच सांगितलेली नाही. दोनच गोष्टींवर लक्ष ठेवा. एक, ऑगस्टसचं घर, उघडं असेल तर. रंगवलेल्या खोल्या सुंदर पण बेताच्या आकाराच्या. इ. स. पू. २७ च्या जानेवारीत सिनेटने ठराव करून याच्या दाराला लॉरेलच्या फांद्या आणि ओकचा मुकुट लावला, आणि खाजगी घराचं दार सरकारी झालं. शेजारच्या अपोलोच्या देवळात पुढे सिनेटच्या सभाही भरू लागल्या. दोन, डोमिशियनचा राजवाडा, इ. स. ९२ च्या सुमाराला पुरा झालेला. त्याचं दरबारी दालन पायांनी मोजा. क्षेत्रफळ क्युरियाच्या दुप्पट तरी भरतं. खाली समोरासमोर बसून बोलणारे सिनेटर इथे उभे राहत आणि शेवटच्या कोनाड्यात एकच माणूस बसे. ‘पॅलेस’ हा शब्दच या टेकडीच्या नावावरून आला. दक्षिणेच्या कड्यावरून सर्कस मॅक्सिमस दिसतं. मतदान उरलं नव्हतं, तेव्हा लोकांनी सम्राटाला आपली नाराजी ओरडून सांगायची जागा ती.

उतरताना फार्नेसे बागेच्या कठड्यावरून पूर्ण फोरम एका नजरेत येतं. चाललेली वाट वरून ओळखून पाहावी, मुलांना तर जरूर दाखवावी. मग सेव्हेरसच्या कमानीजवळची बाहेर पडायची वाट उघडी असेल तर तिथूनच कॅपिटोलाइन टेकडीवर जा. वाटेवर जुना तुरुंग आहे, वेगळ्या तिकिटाचा. जुगुर्था आणि व्हर्सिंगेटोरिक्स या रोमशी लढून हरलेल्या राजांचा शेवट तिथला. वेळ कमी असेल तर तो सोडून द्या आणि कॅपिटोलाइन संग्रहालयाला तास द्या, कारण फोरममध्ये अर्धवट राहिलेली दोन वाक्यं तिथे पुरी होतात.

पहिलं, कोन्सेर्व्हातोरी वाड्यात भिंतीत बसवलेली कॉन्सलांची यादी. वर्षागणिक दोन नावं. त्यात अँटनीच्या घराण्यातली नावं खोडून पुन्हा कोरलेली आहेत: हरल्यावर पुसली, आणि नंतर परत लिहिली. गेटाच्या ओळीची ही थोरली बहीण.

दुसरं, नुओव्हो वाड्यातल्या फॉनच्या दालनातला काशाचा पत्रा, सम्राट व्हेस्पेशियनला अधिकार देणारा कायदा, इ. स. ६९-७० चा. चौदाव्या शतकात रोमचा लोकनेता कोला दी रिएंझो याने तो लोकांसमोर वाचून दाखवला होता. कलमं एकामागून एक: तह करण्याचा अधिकार, सिनेट बोलावण्याचा अधिकार, उमेदवारांची शिफारस करण्याचा अधिकार, आणि राज्याच्या हिताचं वाटेल ते करण्याचा अधिकार. अनेक कलमांत दाखला दिला आहे ऑगस्टस, टायबेरियस, क्लॉडियस यांचा. कॅलिग्युला आणि नीरो यांची नावं गाळलेली. लोक मूर्ती पाहायच्या घाईत या पत्र्यासमोरून निघून जातात, त्यामुळे इथे गर्दी नसते. भिंतीपासून दोन पावलं मागे उभं राहिलं की दिव्याची चकाकी अक्षरांवर येत नाही.